व्यापलेल्या देशाचा मेंढपाळ : कार्डिनल मेर्सिए



कैसराला कर द्यावा की नाही, असे प्रभू येशूला विचारण्यात आले तेव्हा त्याचा देश परक्या सैन्याच्या ताब्यात होता. जेरुसलेमच्या मंदिराला लागूनच रोमन शिपायांचा तळ होता. कर रोमला जात होता आणि मृत्युदंडाचा निर्णय पिलाताच्या हाती होता. रस्त्याने जाणाऱ्या माणसाला धरून त्याला आपले ओझे वाहायला लावण्याची मुभा शिपायाला होती. प्रभूचे दुःखसहन आणि मरण अशा जिंकलेल्या मुलखात घडले, हे वाचन ऐकताना आपल्या सहसा ध्यानात येत नाही.

शस्त्राच्या जोरावर येऊन बसलेल्या राज्यकर्त्याची आज्ञा ख्रिस्ती माणसाने पाळावी काय? पाळावी तर किती? वर्गात बसून या प्रश्नावर वाद घालणे सोपे आहे. दारात बंदूक घेतलेला शिपाई उभा असताना त्याचे उत्तर देणे कठीण आहे. १९१४ साली बेल्जियममधील एका बासष्ट वर्षांच्या आर्चबिशपांवर ही वेळ आली. त्यांची ओळख आज आम्ही आपणांस करून देत आहोत.

विधवेचा मुलगा, तत्त्वज्ञानाचा शिक्षक

देझिरे-जोसेफ मेर्सिए यांचा जन्म २१ नोव्हेंबर १८५१ रोजी ब्रेन-लालू या गावी झाला. नेपोलियनचा पराभव जेथे झाला ते वॉटर्लूचे रणांगण या गावाला लागूनच आहे. देझिरे लहान असतानाच वडील वारले. सात मुलांना वाढवण्याचा भार आईवर पडला. घरात पैसा बेताचा, पण श्रद्धा भक्कम होती. आईचा एक भाऊ मिशनरी होऊन अमेरिकेतील ओरेगॉन प्रांतात तेथील मूळ रहिवाशांमध्ये सेवा करीत होता. अशा घरातील हा मुलगा सेमिनरीत गेला आणि १८७४ साली त्याला गुरुदीक्षा मिळाली.

पुढे १८७७ साली फादर मेर्सिए मेखेलेन येथील सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकवू लागले. दोनच वर्षांनी पोप लिओ तेरावे यांनी संत थॉमस अक्वायनस यांच्या विचारांचा पुन्हा अभ्यास व्हावा, असे परिपत्रक काढले. पोप महोदयांच्या इच्छेनुसार लुव्हेनच्या कॅथलिक विद्यापीठात त्यासाठी स्वतंत्र अध्यासन निघाले आणि १८८२ साली ते तरुण फादर मेर्सिए यांच्याकडे सोपवण्यात आले. १८८९ साली त्यांनी तेथे तत्त्वज्ञानाची उच्च संस्था उभारली. सहाशे वर्षांपूर्वीच्या संताचा विचार आजच्या विज्ञानाला घाबरून दूर राहिला तर तो मरेल, असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांच्या संस्थेत मानसशास्त्राची प्रयोगशाळाही होती. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञानाचे धडे घेतले तेव्हा थॉमसवादाच्या पुनरुज्जीवनाच्या पाठात मेर्सिए हे नाव प्रथम ऐकले. त्या पाठात ते फक्त एक विद्वान होते.

संत थॉमस यांची कायद्याविषयीची शिकवण थोडक्यात अशी. कायदा म्हणजे नुसता हुकूम नव्हे. तो विवेकाला धरून असला पाहिजे, सर्वांच्या हितासाठी असला पाहिजे, तो ज्याच्यावर समाजाची जबाबदारी आहे त्याने केलेला असला पाहिजे आणि लोकांना जाहीर केलेला असला पाहिजे. यांतले काही नसेल तर उरते ती केवळ सक्ती. फादर मेर्सिए यांनी हे वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना शिकवले. १९०६ साली ते मेखेलेनचे आर्चबिशप झाले आणि १९०७ साली पोप पायस दहावे यांनी त्यांना कार्डिनल केले. सात वर्षांनी तोच धडा त्यांना साऱ्या देशासमोर द्यावा लागला.

परक्यांचा अंमल

बेल्जियम हा छोटा तटस्थ देश. १८३९ च्या तहाने युरोपातील मोठ्या राष्ट्रांनी त्याच्या तटस्थतेची हमी घेतली होती आणि त्यांत प्रशियाही होता. तरीही ४ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मन सैन्य फ्रान्सकडे जाण्यासाठी बेल्जियममध्ये घुसले. वाटेत ठिकठिकाणी नागरिकांना गोळ्या घालण्यात आल्या. २३ ऑगस्टला दिनां या एकाच गावात सहाशेहून अधिक माणसे मारली गेली. २५ ऑगस्टच्या रात्री लुव्हेन शहर पेटवण्यात आले आणि विद्यापीठाचे ग्रंथालय दोन लाखांहून अधिक ग्रंथांसह जळून गेले. कार्डिनल त्या वेळी देशात नव्हते. २० ऑगस्टला पोप पायस दहावे देवाघरी गेले होते आणि नव्या पोपच्या निवडणुकीसाठी ते रोमला गेले होते. ज्या लुव्हेनमध्ये त्यांनी आपली उमेदीची वर्षे घालवली, ते जळाल्याची बातमी त्यांना तेथे मिळाली. परत आले तेव्हा मेखेलेनच्या कॅथीड्रलवरही तोफगोळे पडून गेले होते आणि त्यांच्या धर्मप्रांतातील तेरा धर्मगुरू व व्रतस्थ मारले गेले होते.

देशाचा पश्चिमेकडचा एक कोपरा वगळता सारा बेल्जियम जर्मनांच्या हाती गेला. त्या कोपऱ्यात इझेर नदीमागे राजे आल्बर्ट आपल्या सैन्यासह राहिले. मंत्रिमंडळ फ्रान्समध्ये गेले. ब्रसेल्समध्ये जर्मन गव्हर्नर-जनरल बसला. पहिला फॉन डेर गोल्त्स, डिसेंबर १९१४ पासून फॉन बिसिंग आणि १९१७ साली तो वारल्यावर फॉन फाल्केनहाउझेन. हा अधिकारी थेट जर्मन सम्राटाला जबाबदार होता. आघाडीजवळचा भाग तर सरळ सैन्याच्याच हुकमतीखाली होता.

असा अंमल रोजच्या जगण्यात कसा दिसतो? घड्याळे जर्मन वेळेप्रमाणे लावावी लागली. प्रत्येकाजवळ ओळखपत्र हवे झाले आणि दुसऱ्या गावी जायला परवाना लागू लागला. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. देशावर दरमहा ४ कोटी फ्रँकची खंडणी लादण्यात आली. हॉलंडच्या सीमेवर १९१५ साली विजेच्या तारांचे कुंपण उभे राहिले आणि पळून जाणारी माणसे तेथे मरू लागली. अन्नाचे तर फारच हाल होते. बेल्जियमला लागणारे बहुतेक धान्य बाहेरून येई आणि ते येणे थांबले. अमेरिकन गृहस्थ हर्बर्ट हूव्हर यांच्या मदत समितीने जहाजांनी धान्य आणले, म्हणून सत्तर लाखांवर लोक तगले.

अशा राजवटीसाठीही काही नियम होते. १९०७ साली हेग येथे राष्ट्रांनी करार केला होता आणि जर्मनीने त्यावर सही केली होती. त्यानुसार मुलूख व्यापल्याने तो आपला होत नाही. व्यापणाऱ्या सैन्याने सुव्यवस्था राखावी, पण अगदीच अशक्य नसेल तर त्या देशाचे कायदे तसेच ठेवावेत. लोकांची कुटुंबे, त्यांची मालमत्ता आणि त्यांचा धर्म यांना धक्का लावू नये. एकाच्या गुन्ह्यासाठी साऱ्या गावाला शिक्षा करू नये. परक्या सत्तेशी निष्ठेची शपथ घ्यायला कोणाला भाग पाडू नये आणि लोकांकडून त्यांच्याच देशाविरुद्धच्या लढाईची कामे करून घेऊ नयेत. कागदावर हे सारे होते. पण ते कागद अधिकाऱ्यापुढे धरणारा कोणी तरी हवा होता.

नाताळचे पत्र

१९१४ च्या नाताळात कार्डिनलनी आपल्या धर्मप्रांताला एक पाळकीय पत्र लिहिले. देशप्रेम आणि सहनशीलता हा त्याचा विषय होता. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून ते चर्चमधून वाचले जाऊ लागले.

त्या पत्रात त्यांनी कोणाला शस्त्र हाती घ्यायला सांगितले नाही. उलट, लढणे हे सैन्याचे काम आहे, नागरिकांनी शिपायांवर हात उगारू नये, सार्वजनिक व्यवस्थेचे नियम पाळावेत, असे बजावले. परंतु त्याच पत्रात त्यांनी स्पष्ट लिहिले की ही सत्ता कायदेशीर नाही. आपला राजा, आपले शासन आणि आपल्या लोकांचे प्रतिनिधी हीच खरी सत्ता होय. म्हणून मनापासूनचा आदर, निष्ठा आणि अंतःकरणाची आज्ञाधारकता या परक्या अधिकाऱ्यांना देणे लागत नाही. बाहेरचे वागणे एक आणि आतले मन एक, ही लबाडी नव्हे. ज्याला जे देणे लागते ते त्याला द्यावे आणि त्याहून अधिक देऊ नये, हाच न्याय. संत थॉमस यांची जुनी शिकवण आता शेतकऱ्याला, खाणकामगाराला, दुकानदाराला कळेल अशा शब्दांत व्यासपीठावरून येत होती.

जर्मन अधिकाऱ्यांनी पत्राच्या प्रती जप्त केल्या. पत्र वाचणाऱ्या काही धर्मगुरूंना पकडले, छापणाऱ्याला दंड केला. कार्डिनलच्या घरावर पहारा बसला आणि काही दिवस त्यांना बाहेर पडता आले नाही. पत्र मागे घ्यावे असा दबाव आला. त्यांनी ते मागे घेतले नाही. बाहेरच्या जगात मात्र त्या पत्राच्या प्रती अनेक भाषांत पसरल्या. कार्डिनलना कैद केले तर जर्मनीतीलच लक्षावधी कॅथलिक दुखावतील आणि तटस्थ देश संतापतील, हे फॉन बिसिंग जाणून होता. म्हणून तो त्यांना हात लावू शकला नाही. हे संरक्षण साध्या धर्मगुरूंना नव्हते. त्यांच्यापैकी अनेकांना तुरुंगवास घडला. आपल्या एका पत्रासाठी दुसरे शिक्षा भोगतात, हे ओझे कार्डिनलनी चार वर्षे वाहिले.

दिलेला शब्द

आता ज्या प्रसंगासाठी आम्ही हे चरित्र निवडले त्याकडे येतो.

१९१४ च्या ऑक्टोबरात अँटवर्प पडले तेव्हा लाखो लोक हॉलंडमध्ये पळाले होते. परत यायला ते घाबरत होते. तरुण मुलांना पकडून जर्मनीत नेतील, अशी बोलवा होती. कार्डिनलनी अँटवर्पचा लष्करी गव्हर्नर फॉन ह्यून याच्याकडे विचारणा केली. तरुणांना नेले जाणार नाही, सैन्यात किंवा सक्तीच्या कामावर लावले जाणार नाही, असे त्याने लेखी आश्वासन दिले. गव्हर्नर-जनरल फॉन डेर गोल्त्स यानेही त्याला दुजोरा दिला. हे आश्वासन धर्मगुरूंनी लोकांना जाहीर केले. लोकांनी विश्वास ठेवला तो जर्मन सेनापतीवर नव्हे, आपल्या धर्मगुरूवर आणि आर्चबिशपांवर. कुटुंबेच्या कुटुंबे घरी परतली.

दोन वर्षांनी, १९१६ च्या ऑक्टोबरपासून, गावागावांत हुकूम लागले. पुरुषांनी ठरलेल्या दिवशी हजर व्हावे. तेथे निवड होई आणि निवडलेल्यांना गुरांच्या डब्यांत बसवून आगगाडीने रवाना करीत. बायका-मुले स्टेशनाबाहेर आक्रोश करीत. सुमारे ६० हजार माणसे जर्मनीत नेली गेली आणि जवळजवळ तितकीच आघाडीमागच्या कामांवर. थंडी, उपासमार आणि आजार यांनी त्यांतील अडीच हजारांच्या आसपास माणसे मेली.

कार्डिनलपुढे आता केवळ अन्यायाचा प्रश्न नव्हता. यातील किती तरी मुले त्यांच्या शब्दावर घरी परतली होती! हॉलंडमध्येच राहिली असती तर ती वाचली असती. शब्द जर्मनांनी मोडला होता, पण तो लोकांच्या कानी गेला होता चर्चमधून. मेंढपाळाने अशा वेळी काय करावे? मलाच फसवले, असे म्हणून हात झटकता आले असते. कार्डिनलनी ते केले नाही. १९ ऑक्टोबर १९१६ रोजी त्यांनी फॉन बिसिंगला पत्र लिहून ते जुने आश्वासन त्याच्यापुढे ठेवले आणि ते पाळण्याची मागणी केली.

फॉन बिसिंगचा युक्तिवाद वरून पाहता सयुक्तिक होता. हे लोक बेकार आहेत, मदतीवर जगून आळशी होत आहेत, त्यांना जर्मनीत काम आणि मजुरी मिळेल, असे त्याचे म्हणणे. कार्डिनलनी तत्त्वज्ञानाच्या शिक्षकाप्रमाणे एकेक मुद्दा सोडवला. हे लोक बेकार का झाले? कारण कारखान्यांतील कच्चा माल आणि यंत्रे तुम्हीच उचलून नेलीत. ते कोणाच्या पैशावर जगतात? तुमच्या नाही. जर्मनीत एक बेल्जियन कामाला लागला की एक जर्मन आघाडीवर जायला मोकळा होतो. म्हणजे त्या मजुराला आपल्याच भावाविरुद्ध वापरले जाते आणि हे हेगच्या कराराविरुद्ध आहे. नोव्हेंबरात बेल्जियमच्या बिशपांनी मिळून साऱ्या जगाला हाक दिली. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी जर्मन सरकारकडे शब्द टाकला. तटस्थ देशांतून निषेध झाला.

१९१७ च्या मार्चमध्ये सम्राटाने जर्मनीत माणसे नेणे थांबवले आणि पुढील महिन्यांत बरेच जण घरी आले. आघाडीमागच्या पट्ट्यात मात्र सक्तीची मजुरी युद्ध संपेपर्यंत चालू राहिली. कार्डिनल सर्वांना वाचवू शकले नाहीत. परंतु एकदा दिलेल्या शब्दापासून ते दूर गेले नाहीत आणि लोकांना ते दिसले.

माणूस, देवदूत नव्हे

कार्डिनल मेर्सिए यांचे सारेच आपल्याला पटेल असे नाही. २१ जुलै १९१६ रोजी, बेल्जियमच्या राष्ट्रीय दिनी, त्यांनी ब्रसेल्सच्या संत गुडुला चर्चमध्ये प्रवचन दिले. गुन्ह्याला शिक्षा व्हावी अशी इच्छा धरणे म्हणजे द्वेष नव्हे, तो न्यायाचाच भाग आहे, असा त्याचा आशय होता. त्या दिवशीच्या लोकांच्या उत्साहाबद्दल शहराला जबर दंड झाला. न्याय आणि सूड यांच्यातील रेषा किती बारीक असते हे आपण जाणतो. ती ओलांडली जाऊ नये म्हणून त्यांनी सत्य तपासण्याचा मार्ग सुचवला होता. नोव्हेंबर १९१५ मध्ये बेल्जियमच्या बिशपांनी जर्मनी व ऑस्ट्रिया-हंगेरीच्या बिशपांना पत्र लिहून, दोन्ही बाजूंनी मिळून चौकशी करू या, असे सुचवले. ती चौकशी झाली नाही.

घरच्या लोकांबाबतही त्यांची एक बाजू उणी होती. बेल्जियममध्ये फ्रेंच आणि फ्लेमिश अशा दोन भाषा बोलणारे लोक आहेत. उच्च शिक्षण फ्रेंचमध्येच असावे, असा कार्डिनलचा आग्रह होता आणि फ्लेमिश भाविकांना तो फार लागला. जर्मन अधिकाऱ्यांनी या दुखऱ्या जागेचा फायदा घेऊन १९१६ साली गेंट येथे फ्लेमिश विद्यापीठ सुरू केले. आपल्या मायबोलीत प्रार्थना करणाऱ्या आम्हां-तुम्हांला फ्लेमिश लोकांचे दुःख कळायला अवघड नाही. तसेच, बेल्जियमने जे परक्यांच्या हातून भोगले ते त्याच देशाच्या राजवटीत काँगोच्या लोकांनी आधीच भोगले होते. सक्तीची मजुरी तेथेही होती. स्वतःच्या दारातला अन्याय लवकर दिसतो, आपल्या हातून झालेला उशिरा.

आणि जर्मन म्हटले की सारे वाईट, असेही कोणी समजू नये. त्याच काळात आपल्या मुंबई मिशनमध्ये जर्मन येशूसंघीय धर्मगुरू सेवा करीत होते. १८६९ साली सेंट झेविअर्स कॉलेज सुरू करणारे हेच लोक. युद्ध सुरू झाल्यावर केवळ जन्माने जर्मन म्हणून इंग्रज सरकारने त्यांना नजरकैदेत ठेवले आणि पुढे मायदेशी पाठवले. युद्धाचा वरवंटा कोणालाही ओळखत नाही.

शेवटची अंगठी

ऑक्टोबर १९१८ मध्ये जर्मन प्रशासनाच्या राजकीय विभागाचा प्रमुख स्वतः कार्डिनलकडे आला. राजकीय कैद्यांना सोडण्यात येणार आहे, ही बातमी त्याने त्यांना दिली. व्यापलेला बेल्जियम म्हणजे हाच माणूस, हे शेवटी व्यापणाऱ्यांनीही मान्य केले. ११ नोव्हेंबरला युद्ध थांबले.

१९१९ साली कार्डिनल अमेरिकेला जाऊन आले आणि त्यांच्या देशाला अन्न पुरवणाऱ्यांचे त्यांनी आभार मानले. लुव्हेनचे ग्रंथालय अमेरिकन लोकांच्या मदतीने पुन्हा उभे राहिले, पण ते खुले झाले १९२८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. विश्वाच्या आरंभाविषयी नवा सिद्धान्त मांडणारे शास्त्रज्ञ फादर जॉर्ज लमेत्र यांना १९२३ साली गुरुदीक्षा दिली ती कार्डिनल मेर्सिए यांनीच.

१९२१ पासून त्यांनी आपल्या घरी अँग्लिकन बांधवांशी ऐक्याच्या बोलण्याला जागा दिली. कॅथलिक कार्डिनलने असे काही करावे हे त्या काळी अनेकांना रुचले नाही. या बोलण्यांत लॉर्ड हॅलिफॅक्स हे वृद्ध अँग्लिकन प्रापंचिक पुढे होते. जानेवारी १९२६ मध्ये कार्डिनल पोटाच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळले असताना हॅलिफॅक्स भेटीला आले. कार्डिनलनी आपल्या बोटातील बिशपपदाची अंगठी त्यांना दिली. २३ जानेवारी १९२६ रोजी त्यांनी देह ठेवला. मेखेलेनच्या कॅथीड्रलमध्ये ते विसावा घेत आहेत. ती अंगठी पुढे एका मिस्सापात्रावर बसवण्यात आली आणि ते पात्र इंग्लंडमध्ये यॉर्कच्या कॅथीड्रलमध्ये आहे.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्यावर परक्या सैन्याचा अंमल नाही, हे देवाचे आपल्यावरील उपकार आहेत. तरीही हुकूम आणि विवेक यांची गाठ आपल्यालाही पडते. कचेरीत वरिष्ठ खोट्या कागदावर सही मागतो, गावात दांडगट माणूस आपलेच चालवतो, घरात मोठ्यांच्या धाकाने सुनेवर अन्याय होतो. अशा वेळी बाहेरून शांत राहावे लागले तरी मनाने होकार देऊ नये, हे कार्डिनल मेर्सिए आपल्याला शिकवतात. जेथे गप्प राहिल्याने दुसऱ्याचा बळी जातो तेथे आवाज चढवून, पण हात न उगारता, उभे राहावे. आणि आपल्या शब्दावर कोणी विसंबले असेल तर त्याच्या संकटात त्याला एकटे सोडू नये. आईबापांना, शिक्षकांना, पुढाऱ्यांना आणि सर्वांत आधी आम्हां धर्मगुरूंना हे लागू आहे.

जगात आजही असे मुलूख आहेत जेथे लोकांच्या दारात परके शिपाई उभे आहेत. आजच्या मिस्सामध्ये त्यांची आठवण करू या. तेथील मेंढपाळांना धीर मिळो आणि व्यापणाऱ्यांच्या अंतःकरणाला पाझर फुटो, अशी प्रार्थना करू या.

ख्रिस्ताठायी आपले,
धर्मगुरू